बैलाचा दुसरा भाग

गेल्या महिन्यात मी शिकवते त्या शाळेतल्या एका मॅडमनी मला एक जाडजूड पुस्तक वाचायला दिलं. जादूच्या दुनियेची गोष्ट, दुसरा भाग. पहिला भाग मी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवसांत फस्त केला होता. त्यात एक मुलगी वाळवंटात अडकलेली होती, तिच्या हातातला दिवा विझत आला होता, आणि नेमकं तिथेच लेखकाने पुस्तक संपवलं होतं. दुसरा भाग उघडला तर मुलीचा पत्ताच नाही. शंभर पानं झाली तरी राजवाड्यातला कोणी सरदार आणि त्याची मेहुणी यांचंच चाललेलं. मी मॅडमना म्हटलं, या माणसाला कोणी सांगितलं होतं हे? आम्ही मुलीसाठी आलो, आणि हा आम्हाला सरदाराच्या घरातलं ऐकवत बसलाय. चांगली दहा मिनिटं मी स्टाफरूममध्ये तोंड सोडलं होतं. त्या हसून म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहा दुसरा भाग."

त्या गमतीत बोलल्या.  पण दुसरा भाग मी एकदा केलेला आहे. या सरदारवाल्या लेखकाने निदान कोणाचं वाटोळं केलं नसेल, मी केलं होतं. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आमचा तांडा फुलसावंगीपासून पायी पाऊण तासावर. मी तेव्हा पुसदला कॉलेजात होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. याडीला, म्हणजे माझ्या आईला, मी माझा जुना मोबाईल देऊन ठेवला होता. तिला लिहितावाचता येत नाही, पण हिरवं बटण, लाल बटण आणि आवाज ऐकायचा त्रिकोण एवढं तिने दोन दिवसांत शिकून घेतलं. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली आणि तिचा फोन आला.

"मोबाईलातले गाणे ऐकू ऐकू कान किटले," ती म्हणाली. "तू लहानपणी थे बैलाची गोष्ट बनवून सांगे ना, थे पाठव. वावरात ऐकतो आम्ही."

आम्ही बंजारा, घरात गोरबोलीच बोलतो. इथे मी तिचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते आहे, कारण वेचणीला गावातल्या बायाही असायच्या आणि वावरात सगळ्याजणी वऱ्हाडीच बोलायच्या. गोष्टही मी वऱ्हाडीतच सांगितली.

गोष्ट माझी होती, म्हणजे निम्मी माझी. आमच्या जुन्या लोकांचा धंदा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरण्याचा. त्यामुळे तांड्यातल्या कोणालाही गोष्ट सांगायला बसवलं की बैल आणि मीठ यायचंच. माझ्या गोष्टीत आभाळातल्या एका गावाचं मीठ संपलेलं होतं. तिथली माणसं जेवायची तर चव नाही, रडायची तर आसवं खारट नाहीत, त्यामुळे रडूनही मन हलकं होत नव्हतं. मग खालच्या तांड्यातला एक पांढरा बैल मिठाची गोणी पाठीवर घेऊन वर निघतो. त्याला पंख नव्हते. संध्याकाळी तांड्यातल्या चुली पेटल्या की त्यांचा धूर वर जातो, त्या धुरावर पाय टाकत तो चढायचा. धूर तुटला की मधेच थांबायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या चुलींची वाट बघायचा.

मी वसतिगृहाच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे उभी राहून तीन-चार मिनिटांचा एकेक तुकडा बोलायची आणि ग्रुपवर टाकायची. ग्रुप कसला, वेचणीवाल्या बारा बायांमध्ये चार मोबाईल होते, ते चार आणि मी. तिकडे याडी मोबाईल रिकाम्या स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवायची. गंजात ठेवला की आवाज मोठा होतो, हा शोध तिचाच. गंज मधल्या ओळीत जमिनीवर ठेवायचा, चार झाडं वेचून झाली की उचलून पुढे ठेवायचा. जी पुढे गेली तिला ऐकू यायचं नाही, जी मागे राहिली तिलाही नाही. म्हणून सगळी रांग एका चालीने सरकायला लागली. वेचणीत असं कोणी करत नाही. जिचा हात चालतो ती पुढे निघून जाते, कारण वेचलं तेवढंच तिचं.

सगळ्यात चालाख हात काकीचा होता. ती वडिलांच्या चुलतभावाची बायको. काका वारून पाच-सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ती जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घराला लागून असलेल्या एका खोलीत राहायची. तेव्हा ती चौतीस-पस्तीसची असेल. दोन्ही हातांनी बोंडं काढायची, बघणाऱ्याला कापूस आपोआप तिच्या ओटीत येतोय असं वाटायचं. ती काकी बैलासाठी हळू झाली. याडी मला फोनवर सांगायची, "तुह्या काकीनं आज अर्धंच वेचलं, गंजापासून हालतच नाही." मला ते ऐकून केवढा अभिमान वाटायचा. आपल्या गोष्टीपायी एका बाईचा रोज बुडतोय, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि तिला बैलाची काळजी होती, खरीखुरी. संध्याकाळी चुलीत मुद्दाम ओली काडी घालायची, धूर व्हावा म्हणून. शेजारीण खोकत बाहेर आली की म्हणायची, "बैल वर हाय बाई, त्याले रस्ता पाहिजे." सगळ्या हसायच्या. मग इतरही दोघीतिघी हसत हसत ओली काडी घालायला लागल्या. तांड्यात गॅस आलेला होता, पण सिलिंडर पाहुण्यांसाठी आणि चुली रोजच्यासाठी, असा तो काळ होता.

पहिला भाग मी जानेवारीत संपवला. बैल आभाळातल्या गावात पोचला, लोकांनी मीठ खाल्लं, पहिल्यांदा पोटभर रडले, आणि त्यांना मीठ इतकं आवडलं की त्यांनी बैलाला परत सोडलंच नाही. दोरीने खुंट्याला बांधून टाकला. मला परीक्षेचा अभ्यास होता, म्हणून बांधला. दुसरं काही कारण नव्हतं. त्या दिवशी याडीच्या मोबाईलवरून काकीचा आवाज आला. "असं मुकं जनावर बांधून नोको ठेवू वं बाई. सोड त्याले."

"पुढच्या वेचणीत सोडू काकी," मी उत्तर पाठवलं. सिनेमावाले बोलतात तसा आवाज काढून बोलले होते मी.

त्या वर्षात माझं डोकं चढलं. वसतिगृहातल्या मुलींनी तुकडे ऐकले, वाहवा केली. कॉलेजच्या अंकात बैल छापून आला. मला सगळे लेखिका म्हणायला लागले आणि मीही ते खरं धरून चालले.

पावसाळ्यात एकदा मी घरी जायला फुलसावंगीला उतरले, तर त्या दिवशी बाजार होता. तांड्याकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपला वेळ होता म्हणून बाजारातून चालत निघाले. बांगड्यांच्या दुकानांच्या टोकाला पिशव्यांना चेन बसवून देणारा एक माणूस बसायचा. समोर शिलाई मशीन, वर ताडपत्री. त्याच्या मागे पोत्यावर काकी बसलेली दिसली. पाय लांब करून, पदर गुडघ्यावर गोळा करून, इतकी सैल बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तो माणूस कपातला चहा बशीत ओतत होता. कप त्याने तिला दिला आणि स्वतः बशी तोंडाला लावली.

तिने मला पाहिलं आणि उठून आली. घाबरली नव्हती, पण हात पदराशी चाळा करत होते. तिने मला भजे घेऊन दिले आणि एका बाजूला नेऊन आपणहूनच सांगितलं.

"मी आली का थो पोतं झटकून देते. चहा मांगवते. काकी, तब्येत बरी हाय ना, म्हणून इचारते. तोही मले काकीच म्हणते," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. "घरी मले कोणी इचारत नाही वं, बरं हाय का म्हणून. काम झालं का, हेच इचारतात. बाकी काही नाही हाय. पण लोकायले बाकीचंच दिसन. तुह्या याडीलेई सांगू नोको."

मी मान हलवली. तिने मग हातातली पिशवी दाखवली. निळी पिशवी, डबा न्यायची. तिला त्याने नवीन चेन बसवून दिली होती, लाल. "निळी सरली होती त्याच्यापाशी," ती म्हणाली. "मी म्हटलं चालते." ती चेन तिने एकदा उघडून आणि एकदा लावून दाखवली. आम्ही दोघी एकाच काळीपिवळीने तांड्यात परतलो आणि वाटेत तिने मला बैलाबद्दल विचारलं, तो कसा सुटणार म्हणून. मी म्हटलं, ऐकाच.

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं तो कसा सुटणार.

दुसरी वेचणी सुरू झाली आणि बायांचे आवाज यायला लागले, पाठव, पाठव. मी गच्चीवर उभी राहायची आणि काही सुचायचं नाही. दोरी कुरतडायला उंदीर आणावा तर ते पोरकट वाटायचं, कारण मी आता लेखिका होते. खोलीतल्या मुलींना विचारलं. एक म्हणाली, यात प्रेमप्रकरण नाही ना, म्हणून अडलंय. दुसरी म्हणाली, आभाळातल्या गावाला राणी असेलच की. झालं. मला राणी मिळाली. आणि राणीने काय करावं हे शोधायला मला एक मिनिटही लागलं नाही.

राणी बाजाराच्या दिवशी महालातून उतरते. बाजारात फाटलेले ढग शिवून देणारा एक कारागीर बसतो. तो तिला बसायला ढगाचा तुकडा झटकून देतो. तब्येत विचारतो. मी काही बदललं नव्हतं, नुसता चांदीचा वर्ख लावला होता. आणि मला ते फार सुंदर वाटत होतं. होतंही सुंदर, पण ते सांगायचा अधिकार माझा नव्हता.

पहिले दोन तुकडे बायांनी निमूट ऐकले. तिसऱ्यानंतर गावातल्या एका बुढीचा आवाज आला. ती वेचणीत सगळ्यांत वडील, कोणाचीही भीड न ठेवणारी. "बाई, राणीले तिचा तिचा चहा पिऊ दे. बैलाच्या दोरीचं पाह्य." आणखी दोघींनी तेच म्हटलं. याडी म्हणाली, "बाया जांभया देऊन राह्यल्या वं." मला राग आला. यांना काय कळतं, मी खोलीतल्या मुलींना म्हटलं, यांना नुसता बैल पाहिजे.

चौथ्या तुकड्यानंतर काकीचा आवाज आला. याडीच्याच मोबाईलवरून, मागे वाऱ्याची सरसर. "राणीचं राहू दे ना बाई. बैलाचं सांग."

एवढंच. मी तो आवाज दोनदा ऐकला. नंतर अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला तेव्हा कळलंच नाही, इतरांसारखी तीही कंटाळली असेल असं वाटलं. ते खोटं आहे. इतर बायांचे आवाज तक्रारीचे होते. काकीचा आवाज तसा नव्हता. ती मला विनवत होती, आणि ते मला कळलं होतं. कळूनही माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता हीसुद्धा मला गोष्ट कशी सांगायची ते शिकवणार. फुग्याला टाचणी लागावी तशी मी तडकले आणि ठरवलं, आता अशी रंगवते की बघतच राहतील. गोष्टीत बारकावे पाहिजेत, असं आमचे सर वर्गात सांगायचे. मी पाचव्या तुकड्यात बारकावे घातले. कप राणीला, बशी कारागिराला. आणि कारागीर राणीच्या निळ्या पिशवीला चेन बसवून देतो, लाल, कारण निळी संपलेली असते.

पुढचं मला याडीने सांगितलं, शनिवारी मी घरी गेले तेव्हा. ती भाकरी थापत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

वेचणी चालू होती, गंज मधे होता. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला बायांचे डबे आणि पिशव्या टांगलेल्या होत्या. लाल चेनीपर्यंत गोष्ट आली आणि एका बाईने निंबाकडे पाहिलं. मग दुसरीने. मग सगळ्या रांगेने मान वळवून निंबाकडे पाहिलं. निळी पिशवी तिथे होती.  याडीला गंजातला मोबाईल बंद करायचं सुचलं नाही, माझा आवाज तसाच पुढे बोलत राहिला. काकीने वर पाहिलं नाही. तिने हात उचलला आणि वेचत पुढे निघाली, भराभर, गंजातलं ऐकू येणार नाही इतकी पुढे. दिवसभर ती एकटीच पुढे होती. संध्याकाळी तिची ओटी सगळ्यांत जड होती.

"थे तुले कोणी सांगतलं होतं?" याडीने विचारलं. "काकीनं?"

"गोष्ट हाय ती," मी म्हटलं. "काकीचा काय संबंध?"

याडीने भाकरी उलटली. "मी अडाणी हावो," ती म्हणाली, "पण तुही याडी हावो." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला जेवायला वाढलं.

मी मोबाईल काढला आणि माझे सगळे तुकडे पुसून टाकले. राणीचे पुसले, आणि त्या झटक्यात मागच्या वर्षीचे बैलाचेही पुसले. माझ्या मोबाईलवरून ते गेले, बायांच्या मोबाईलवर मात्र जुने तसेच राहिले. त्याचा काही उपयोग नव्हता. पाचवा तुकडा कोणीतरी आधीच पुढे पाठवला होता आणि तो फिरत फिरत काकीच्या जेठाच्या मोबाईलवर पोचला होता. जेठाने आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. तो एवढंच म्हणाला, "आतापासून तुहा बाजार मी आणतो." आणि खरंच आणायला लागला, मीठ, तेल, भाजी, न चुकता. तांड्यात लोक म्हणाले, जेठ असावा तर असा.

आठवड्याचा एक कप चहा, एवढंच तिचं होतं. ते गेलं.

रविवारी सकाळी मी तिच्या खोलीपर्यंत गेले. दार उघडं होतं. ती पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती आणि चुलीत काडी वाळलेली होती, धूर नव्हता. निळी पिशवी खुंटीला होती, चेन काढून टाकलेली. तिने ती उसवून काढली होती, कडेला दोऱ्याची टोकं लोंबत होती. मी उंबऱ्याशी उभी राहिले.  तिला माझी सावली दिसली असणार, कारण तिचा हात थांबला. ती वळेल म्हणून मी थांबले असते तर कदाचित वळली असती. मी पाय न वाजवता मागे फिरले. चोर असाच परततो.

त्याच्या पुढच्या बाजाराला मी मुद्दाम फुलसावंगीत उतरले. कशासाठी, ते मलाही सांगता यायचं नाही. चेनवाला आपल्या जागेवर होता. त्याच्या मागचं पोतं घडी करून मशीनखाली ठेवलेलं होतं. मला त्याने ओळखलं, त्या दिवशी काकीबरोबर पाहिलं होतं म्हणून. "काकींची तब्येत बरी हाय ना?" त्याने विचारलं. "दोन बाजार झाले, दिसल्या नाही." त्याला काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, बरी आहे. आणि माझ्या चांगल्या पिशवीला चेन बसवून मागितली, कारण त्याच्यासमोरून नुसतं निघून जाणं मला जमेना. त्याने बसवून दिली. ती पिशवी मी कधी वापरली नाही.

वेचणी संपल्यावर काकीचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. त्याचा तांडा घाटंजीकडे. मी तेव्हा पुसदला होते. याडीने फोनवर सांगितलं, आणि म्हणाली, जाताना तुह्याबद्दल काही बोलली नाही. हे सांगायची तिला काही गरज नव्हती, पण तिने सांगितलं.

नंतर मी बीएड केलं, नोकरी लागली, आणि माझ्या नशिबाने शाळा मिळाली ती घाटंजीत. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी घाटंजीच्या बाजारात पाय ठेवलेला नव्हता. भाजी दारावरच्या हातगाडीवरून घ्यायची, महाग आणि शिळी. शेजारीण विचारायची, तुम्ही बाजारात काहून येत नाही मॅडम, तर मी गर्दी सोसत नाही म्हणायची. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी मी शाळेतून मागच्या रस्त्याने घरी येत होते. दुसऱ्याचा बाजार बंद करणाऱ्या बाईने स्वतःचाही केला, असं म्हणून मी मनाचं समाधान करून घ्यायची. तेही ढोंगच, मला हातगाडी होती.

स्टाफरूममधल्या त्या दिवसानंतर ते ढोंग टिकेना. इतक्या तावातावाने मी त्या लेखकाला बोलले होते, आणि माझ्या बैलाचं मी काय केलं हे विचारणारी एकच बाई बारा-पंधरा किलोमीटरवर राहत होती. पुढच्या बाजाराला मी गेले. दोन बाजार नुसती फिरले. तिसऱ्या बाजाराला, कांदे-लसूण विकणाऱ्या बायांच्या रांगेत ती वाकून लसूण निवडताना दिसली. केस पांढरे झाले होते, हात तेच.

मी मागे उभी राहिले. पाय पुन्हा वळायला लागले होते. तेवढ्यात ती उठली आणि आम्ही समोरासमोर आलो.

"तू होय," ती म्हणाली. थोडा वेळ तिने मला निरखलं. "वाळली वं. मॅडम झाली म्हणे."

तिनेच मला टपरीवर नेलं. एकच चहा सांगितला. आला तसा तिने तो बशीत ओतला, कप माझ्यापुढे सरकवला आणि बशी स्वतः घेतली. मी कपाला हात लावला नाही.

"काकी, मी तेव्हा..."

"राहू दे थे." ती बशीवर फुंकर घालत होती. "मले दुसरं सांग. बैल आला का घरी?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे.

"मी निंघून आली ना," ती म्हणाली, "मलेच तेवढं ऐकाले नाही भेटलं. तुनं मांगून सांगतलं असन सगळ्यायले. मी इकडं भावाच्या पोरींयले सांगतो थे गोष्ट, मिठाची, धुराची. बांधला इथवर सांगतो. मंग त्या इचारतात, आत्या, सुटला का नाही? मी म्हणतो, सुटला असन. मले माहीत नाही तं काय सांगू?"

"मी पुढं सांगतलंच नाही काकी," मी म्हटलं. "कोणालेच नाही."

"म्हणजे थो अजून बांधूनच हाय?"

"हाव."

तिने बशी खाली ठेवली. तिच्या तोंडावर राग नव्हता. माझ्यापायी तिचा बाजार गेला, तांडा सुटला, त्याबद्दल तिने एक शब्दही काढला नव्हता. पण हे ऐकून तिचा चेहरा उतरला.

"भावाकडं गॅस हाय," ती म्हणाली. "आंघोळीचं पाणी मी चुलीवरच ठेवतो. भावजय बोलते मले, धूर कायले करतं म्हणून. मी म्हणतो, होऊ दे. काहून करतो, थे नाही सांगत तिले." ती किंचित हसली. "इतके वर्सं. रिकामाच धूर करून राह्यली मी."

तिने पिशवी उचलली. मळकी, जाड कापडाची पिशवी, तोंड सुतळीने बांधलेलं. तिच्या तांड्याकडे जाणारा ऑटो भरत आला होता. निघताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मोठी माणसं ठेवतात तसा, आणि म्हणाली, "सुचलं तं सांगजो."

ऑटो गेला आणि मी टपरीच्या बाकड्यावर बसून राहिले. ती पुढच्या बाजाराला पुन्हा येणार होती, हे मला माहीत होतं. दोरी कशी सुटते, एवढंच सुचायला हवं होतं. राणीसाठी मला पाच तुकडे न थांबता सुचत गेले होते. बैलासाठी चहा निवून गेला तरी एक वाक्य सुचेना.